पेन टॅबलेटवर अक्षर बसवताना

अकरा वह्यांत उत्तर एकच होतं. ३८५० चौरस सेंमी.

आठवीचा ऑनलाइन वर्ग, वर्तुळाचं क्षेत्रफळ. मी घातलेल्या उदाहरणात त्रिज्या होती ३.५ सेंमी. पायची किंमत २२/७ धरली की साताने सुरेख भाग जातो आणि उत्तर येतं ३८.५. पहिलंच उदाहरण अडू नये म्हणून वर्षानुवर्षं मी हीच त्रिज्या देत आले आहे. या अकरा जणांनी ३५ घेतली होती, आणि ३५ घेतली तर ३८५० हे उत्तर अगदी बरोबर आहे. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, मांडणी स्वच्छ. एखाद्याचंच चुकलं असतं तर उतरवून घेताना चुकला म्हणून सोडून दिलं असतं. अकरा जण एकाच जागी चुकत नाहीत. एकीला फोन केला. ती म्हणाली, "बाई, तुम्ही पस्तीसच लिहिलं होतं. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवलाय, पाठवू का?"

फोटो आला. माझाच तीन, माझाच पाच. मधे टिंब नाही.

मी टिंब दिलं होतं. देताना ते स्क्रीनवर मला दिसलंही होतं. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.

२०२०च्या जूनमध्ये शाळेचं वर्ष घरातूनच सुरू झालं, तेव्हा सगळ्यांनी केलं तेच मीही केलं होतं. पुस्तकांच्या दोन चळतींवर मोबाइल आडवा ठेवला आणि खाली वही धरली. हाताची सावली पडायची, मोबाइल तापायचा, पोरं म्हणायची दिसत नाही. मग माउसने लिहून पाहिलं. माउसने 'क' काढणं म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी काढण्यासारखं आहे. जुलैत साडेतीन हजारांचा पेन टॅबलेट मागवला. याला स्क्रीन नसते. काळी, गुळगुळीत पाटी. तिच्यावर लिहायचं आणि अक्षर उमटतं समोरच्या लॅपटॉपवर.

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी निगडित आहे. वडील तलाठी होते आणि आमच्या घरात अक्षराला फार मान. त्यांनी सुट्टीत आम्हा भावंडांना बोरूने पानंच्या पानं गिरवायला लावली. पुढे चोवीस वर्षं फळ्यावर लिहिलं. वर्गातली मुलं माझ्या 'ळ'ची नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आनंदही आहे. त्या हाताने टॅबलेटवर पहिल्या दिवशी धड्याचं नाव लिहिलं, 'समांतर रेषा व छेदिका'. शिरोरेषा जिना उतरल्यासारखी उजवीकडे खाली खाली गेली. 'छ'ची गाठ भरून काळा ठिपका झाला. 'रे'ची मात्रा 'षा'वर जाऊन बसली. समांतर रेषांचा धडा आणि एक ओळ दुसरीला समांतर नाही. त्या रात्री खरोखर रडू आलं. वाटलं, वय झालं, हात बसायचा नाही आता.

त्या अकरा वह्यांनी मात्र वाईट वाटण्यातून मला बाहेर काढलं. अक्षर वाकडं आलं तर ते माझ्यापुरतं. टिंब हरवलं तर मुलांचं उत्तर शंभर पटींनी चुकतं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर टॅबलेट मांडला आणि टिंबाच्या मागे लागले.

३ लिहिला. टिंब दिलं. ५ लिहिला. दिसलं, ३.५. पुन्हा ३ लिहिला, टिंब दिलं, आणि या वेळी पाचाकडे न जाता पेन तसंच सरळ वर उचललं, अगदी सावकाश. टिंब होतं. पेन बोटभर वर गेलं आणि टिंब नाहीसं झालं. पेन खाली आणलं, टिंब परत आलं.

ते टिंब नव्हतंच. तो कर्सर होता.

पेन टॅबलेटच्या जवळ आलं, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर अंतरावर, की पृष्ठाला टेकायच्या आधीच टॅबलेटला त्याची जागा कळते आणि स्क्रीनवर कर्सर दिसतो. मी वापरत होते त्या सॉफ्टवेअरमध्ये तो कर्सर म्हणजे पेनच्याच रंगाचा, पेनच्याच जाडीचा एक ठिपका होता. मी टिंब दिलं की त्याच जागी कर्सर थांबलेला असायचा आणि मला वाटायचं उमटलं. मग पेन पाचाकडे सरकलं की ठिपकाही सरकायचा, पण तोवर माझी नजर पाचावर गेलेली असायची.

टिंब उमटत का नव्हतं, याची कारणं एक नाही, तीन निघाली. सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक रेघ म्हणजे बिंदूंची माळ असते. पेन टेकतं, सरकतं, उचललं जातं. वाटेत जेवढ्या नोंदी झाल्या ते मणी आणि ते जोडले की रेघ. टिंब देताना पेन सरकतच नाही. माळेत मणी एकच, आणि एका बिंदूला लांबी नसते हे मीच मुलांना शिकवते. काही सॉफ्टवेअर अशा एकट्या बिंदूला गोल ठिपका म्हणून काढतात, काही काहीच काढत नाहीत. दुसरं कारण दाब. दाबाप्रमाणे रेघेची जाडी ठरत असेल तर हलक्या टेकवणीची जाडी जवळजवळ शून्य येते. आणि तिसरं, जे सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, ते डबल क्लिकचं. पेनने एकाच जागी दोनदा अचूक टेकवणं अवघड, म्हणून ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेटला संगणकाशी जोडणारं सॉफ्टवेअर, मदत करतो: एकदा टेकवून लगेच जवळपास पुन्हा टेकवलं तर दोन्ही एकाच जागचे धरतो. फाइल उघडताना ही मदत उपयोगी पडते. लिहिताना ती घात करते, कारण आपलं लिहिणं म्हणजे जवळजवळ टेकवण्यांचीच मालिका आहे. अनुस्वार, दशांश चिन्ह, भागाकाराच्या चिन्हाची वरची-खालची टिंबं, 'म्हणून' लिहायची तीन टिंबं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते अंतर शून्यावर आणलं. पेन टेकवून क्षणभर थांबलं की जे गोल कडं उमटायचं, तेही विंडोजच्या सेटिंगमध्ये बंद केलं. शिरोरेषा मी थबकून सुरू करते. त्या थबकण्याला संगणक उजवं क्लिक समजत होता आणि रेघेचं सुरुवातीचं टोकच गिळत होता.

शिवाय टिंब द्यायची पद्धत बदलली. आता मी टेकवत नाही, मोहरीएवढं वर्तुळ काढते. दोन-चार मणी माळेत पडतात, टिंब उमटतं. आणि प्रत्येक ओळ झाली की पेन पूर्ण उचलून बाजूला धरते, मग वाचते.

टिंबाचा छडा लागल्यावर धीर आला. वाटलं, टिंबाला कारण होतं तसं वाकड्या रेघेलाही असणार. हात की यंत्र, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी शाळेतली लाकडी फूटपट्टी काढली आणि टॅबलेटवर तिरपी धरली. स्टीलची पट्टी नको. या पेनमध्ये सेल नसतो; टॅबलेटच्या पोटातल्या तारांची जाळी विद्युतचुंबकीय लहरी सोडते, पेनमधलं वेटोळं त्यांना प्रतिसाद देतं आणि त्यावरून पेन कुठे आहे ते कळतं. मधे धातू आला की गोंधळ. तर लाकडी पट्टीला पेन लावून वरपासून खालपर्यंत अगदी मंद, मुंगीच्या चालीने एक तिरपी रेघ ओढली. पट्टी असताना हाताला दोष देता येणार नाही. रेघ सरळ आली तर चूक माझी; वाकडी आली तर यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची.

रेघ वाकडी आली. बारीक लाटा, आणि लाटांवर आणखी बारीक पायऱ्या.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! चोवीस वर्षांचा हात कुठे गेला नव्हता.

लाटांचं कारण टेबलावरच होतं. लॅपटॉपचा चार्जर टॅबलेटला खेटून ठेवलेला. तो दीड हात लांब सरकवला आणि तीच रेघ पुन्हा ओढली. लाटा जवळजवळ गेल्या. पायऱ्या राहिल्या.

पायऱ्यांसाठी गणित करावं लागलं. टॅबलेटच्या खोक्यावर लिहिलं होतं, इंचाला ५०८० रेषा. म्हणजे ०.००५ मिमी इतकं सूक्ष्म अंतर टॅबलेटला कळतं. माझा लॅपटॉप १५.६ इंची, स्क्रीनची रुंदी मोजली तर ३४.५ सेंमी, आणि त्या रुंदीत पिक्सेल १३६६. टॅबलेटची लिहिण्याची रुंदी १५.२ सेंमी. या १५.२ सेंमीचे १३६६ भाग केले तर एक भाग ०.११ मिमीचा होतो. आता टॅबलेट ०.००५ मिमीपर्यंत सांगत असताना सॉफ्टवेअर जर पेनला नुसता माउस समजत असेल, तर ते फक्त 'कितव्या पिक्सेलवर' एवढंच ऐकतं. उरलेली वीसपट बारीक माहिती वाया. किंचित तिरपी रेघ मग एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उडी मारत जाते, आणि पान मोठं करून पाहिलं की तो जिना दिसतो. माझी जिना उतरणारी शिरोरेषा अर्धी इथून आली होती.

उपाय दोन. पेनला पेन म्हणून ओळखणारं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ड्रायव्हरमध्ये विंडोज इंकचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पेन-लेखनाच्या सोयीचा, पर्याय त्या सॉफ्टवेअरला हवा तसा चालू किंवा बंद करून पाहायचा. काहींना दाबाची माहिती त्याच वाटेने मिळते, काहींना स्वतःच्या वाटेने. हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी शेवटी झर्नल प्लस प्लस घेतलं. ते मोफत आहे, खुलं आहे, आणि त्यात लिहिलेली रेघ चित्र म्हणून नाही, बिंदूंची माळ म्हणूनच साठते. त्यामुळे पीडीएफ केल्यावर मुलांनी मोबाइलवर कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही. पट्टी लावून तीच तिरपी रेघ ओढली. सरळ.

उरलेला अर्धा जिना मात्र माझा होता. वही आपण कधीच टेबलाच्या कडेला समांतर ठेवत नाही. उजव्या हाताने लिहिणारा माणूस वही डावीकडे कलती धरतो, कारण कोपरावर टेकलेला हात सरळ नाही, कमानीत फिरतो. वहीवर नजर असते, म्हणून वही कलती असली तरी आपण तिच्या रेघांच्या दिशेने लिहितो. टॅबलेटवर नजरच नसते, ती समोर स्क्रीनवर. मी सवयीने टॅबलेट वहीसारखा कलता ठेवत होते आणि जेवढा तो कलता, तेवढीच ओळ कलत होती. स्क्रीनच्या कडेला समांतर ठेवला, खाली रबरी जाळी घातली, टेबलावर खडूने चार कोपऱ्यांच्या खुणा केल्या. दोन दिवस खांदा अवघडला. मग मनगटाऐवजी दंडातून हात सरकवायला लागले आणि लक्षात आलं, हे तर मला येतंच. फळ्यावर कुणी मनगटाने लिहीत नाही. टॅबलेट दिसतो वहीसारखा, पण हात मागतो फळ्याचा.

वर्तुळाची तक्रार बाकी होती. हाताने काढलेलं वर्तुळ अंड्यासारखं आडवं येत होतं. माझा टॅबलेट १५.२ बाय ९.५ सेंमी, म्हणजे १६ ला १०. लॅपटॉपची स्क्रीन १६ ला ९. आडवी हालचाल २.२७ पट मोठी होत होती आणि उभी २.०४ पट. रुंदी ११ टक्के जास्त. 'व'चं पोट, '०', 'ठ', सगळं थोडं थोडं पसरट, आणि नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखायचा पर्याय असतो, पण तो घेतला की टॅबलेटची खालची सेंटिमीटरभर पट्टी निकामी होते. मी तसं केलं नाही. टॅबलेटला स्क्रीनचा सगळा भाग न देता डावीकडचा २३ बाय १४.४ सेंमीचा तुकडा दिला. आडवी-उभी दोन्हीकडे पट साधारण दीड. पूर्ण टॅबलेट वापरात, वर्तुळ वर्तुळासारखं, आणि उजवीकडे उरलेल्या जागेत मुलांची नावं आणि त्यांचे प्रश्न. तिथे पेन पोचत नाही, माउस वापरते. आणखी एक फायदा झाला, जो मी धरला नव्हता. हाताची थरथर आधी सव्वादोन पट मोठी दिसायची, ती आता दीडपटच दिसते.

दाबाबद्दल माझं मत पक्कं आहे, आणि ते जाहिरातींच्या विरुद्ध आहे. खोक्यावर ८१९२ दाबपातळ्या मोठ्या अक्षरात लिहिलेल्या असतात. चित्र काढणाऱ्याला त्या हव्यात. देवनागरी लिहिणाऱ्याला त्यांचा उपद्रवच जास्त. आपल्या अक्षराची जाड-बारीक रेघ दाबातून आलेलीच नाही. ती बोरूच्या कतातून आली. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. एका दिशेने ओढलं की पूर्ण रुंदी उमटते, दुसऱ्या दिशेने ओढलं की धार. हात एकाच दाबाने चालतो आणि दिशा बदलली की जाडी बदलते. वडील कत कापून द्यायचे आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून कोन बघायचे, ते मला अजून दिसतं. पेन टॅबलेट याच्या उलट चालतो. शब्दाच्या सुरुवातीला हात जोरात असतो, शेवटी सैल पडतो, म्हणून पहिलं अक्षर जाड आणि शेवटचं अशक्त. शिरोरेषा मधेच बारीक होते. मी दाब बंदच केला. एकसारखी, जराशी जाड रेघ. पान त्याच क्षणी शांत दिसायला लागलं.

गुळगुळीतपणाचा उपाय सगळ्यात स्वस्त. खडूला फळा अडवतो, पेन्सिलीला कागद अडवतो; टॅबलेटच्या प्लॅस्टिकवर निब घसरते आणि हात थांबवायला काही मिळत नाही. साधा ए-फोर कागद कापून टॅबलेटवर चिकटपट्टीने लावला. लहरी कागदातून आरपार जातात, टॅबलेटला फरक पडत नाही. खरखर ऐकू आली आणि हात एकदम ओळखीच्या जागी आल्यासारखा झाला. निबा लवकर झिजतात, एका सत्रात तीन झिजल्या. टॅबलेटसोबत दहा मिळाल्या होत्या.

मग गिरवणं सुरू केलं. कागदावर माझ्याच हाताने, सावकाश, एक पान लिहिलं: बाराखडीतली निवडक अक्षरं, अंक, करणीचं आणि घनमूळाचं चिन्ह, थीटा, आणि वर 'श्री'. त्याचा फोटो पानाखाली पार्श्वभूमीला लावला आणि फिकट केला. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं तेच पान टॅबलेटवर गिरवायचं. पहिले चार दिवस खालचं अक्षर एकीकडे आणि माझं दुसरीकडे. आठवड्याने उभ्या काठ्या जुळल्या. तीन आठवड्यांनी खालचं पान काढून टाकलं. पन्नाशीला आल्यावर स्वतःचंच अक्षर गिरवायचं, याचं मला काही वाटलं नाही. उलट छान गेल्या त्या रात्री. घरात सगळे झोपलेले, निबेची खरखर, आणि लहानपणच्या पाटीवरची तीच एकाग्रता.

शिरोरेषेची एक गोष्ट मला आमच्या घरातल्या जुन्या दप्तराने शिकवली. आजोबांच्या वेळची मोडीतली काही कागदपत्रं वडिलांनी जपून ठेवली आहेत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघांना खाली अक्षरं लटकवत जायचा, शक्यतो लेखणी न उचलता. आपण देवनागरीत उलटं करतो, शब्द लिहून मग डोक्यावर रेघ देतो. वहीवर ते सोपं आहे. टॅबलेटवर शब्द संपल्यावर पेन उचलून पुन्हा शब्दाच्या आरंभी नेमकं नेणं हेच सर्वांत अवघड काम, तिथेच माझी रेघ अक्षरापासून सुटायची किंवा अक्षरात घुसायची. मी पानाला आखीव रेघांची पार्श्वभूमी घेतली आणि अक्षरं रेघेवर न बसवता रेघेखाली लटकवायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, आपलं रेघेला लोंबतं, हे शाळेत शिकवतोच आपण. शब्दाची रेघ नंतर द्यायची, पण तिची वाट आधीच आखलेली असते. ओळी सरळ झाल्या.

रेघ मऊ करणारी सोय, जिला सॉफ्टवेअरमध्ये स्थिरीकरण म्हणतात, ती मी शेवटी हाताळली आणि तेच योग्य होतं असं वाटतं. आधीच ती लावली असती तर खरी कारणं तिच्याखाली झाकली गेली असती. ती करते काय, तर शेवटच्या काही बिंदूंचा मध्य काढते आणि तिथे रेघ नेते. आठवीच्याच सांख्यिकीतला मध्य. वीस बिंदूंचा मध्य घेतला तेव्हा रेघ रेशमासारखी आली, पण पेनच्या मागे रेंगाळायला लागली, आणि घनमूळाच्या चिन्हाचं तळाचं टोक गोल झालं. सातचा कोपरा वळणदार झाला, एक आणि सात यांच्यात फरक कळेना. मध्य काढला की टोकं बोथट होणारच. कमी करत करत आठ बिंदूंवर आणलं. थरथर थोडी राहते, कोपरे टिकतात. गणिताला कोपरे महत्त्वाचे.

मुलांच्या बाजूने काय दिसतं, हे मात्र मी फार उशिरा पाहिलं. एका संध्याकाळी शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून माझाच तास थोडा वेळ बघितला. लॅपटॉपची ३४.५ सेंमीची रुंदी त्याच्या आडव्या मोबाइलवर १२-१३ सेंमी झालेली. मी स्क्रीनवर सेंटिमीटरभर उंच काढलेलं अक्षर त्याच्याकडे साडेतीन मिमीचं. नेटवर्क मंदावलं की बारीक रेघा आधी तुटतात, अपूर्णांकाची आडवी रेघ तर गायबच होते. अंश आणि छेद एकावर एक दोन सुटे अंक. दुसऱ्या दिवसापासून पेन दुप्पट जाड केलं, पान दीडपट मोठं करून लिहायला लागले. ओळीत शब्द कमी मावतात. मावू देत. तास संपला की सगळी पानं पीडीएफ करून गटावर टाकते, ती स्वच्छ असतात आणि तासाला न आलेल्या मुलालाही मिळतात.

दिवाळीआधी उजळणी घेतली तेव्हा तेच उदाहरण पुन्हा घातलं. त्रिज्या ३.५ सेंमी. मोहरीएवढं वर्तुळ काढून टिंब दिलं, पेन उचललं, हात मांडीवर ठेवला आणि पाहिलं. होतं. संध्याकाळी वह्यांचे फोटो आले, स्क्रीनचा फोटो काढून ठेवणाऱ्या त्या मुलीने तर सगळ्यांत आधी पाठवला. ३८.५ चौरस सेंमी, आणि खाली तिने स्वतःहून लिहिलं होतं: बाई, या वेळी टिंब दिसलं.

शाळा भरायला लागली, फळा परत मिळाला, तरी टॅबलेट मी ठेवून दिला नाही. आजारी मुलांसाठी, दहावीच्या जादा तासासाठी तो टेबलावर असतोच. 'ळ' अजून मनासारखा येत नाही. कागदावर त्याच्या दोन वाट्या एका दमात होतात. टॅबलेटवर दुसऱ्या वाटीपाशी हात क्षणभर अडखळतो आणि तिथे बारीकसा कोन पडतो. स्थिरीकरण वाढवलं तर तो कोन जातो, पण मग सात बिघडतो. सध्या वरचा कागद जरा खरखरीत, चित्रकलेच्या वहीचा लावून बघते आहे. तीन दिवस झाले. काल रात्री लिहिलेल्या चाळीस 'ळ'पैकी सहा बरे आहेत.